प्रकाशरेषा आणि निर्देशांक : मुंबईतील बांधकाम-घनतेच्या वादाचा आढावा

एका भूखंडावर किती बांधावे, दोन इमारतींच्या भिंतींत किती अंतर असावे आणि या दोन्ही गोष्टी ठरविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा वाद मुंबई शहरात एका शतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे. शहराच्या इतिहासलेखनात गिरण्या, बंदर आणि राजकीय चळवळी यांना जे स्थान मिळाले, त्या मानाने या वादाकडे लक्ष कमी गेले. त्याचे कारणही उघड आहे. हा वाद पोटनियमांच्या, नकाशांच्या आणि कोर्टातील अर्जांच्या भाषेत चालला. सभांच्या आणि मोर्चांच्या भाषेत तो क्वचितच उतरला. परंतु या रूक्ष भाषेच्या आड एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत बांधकामाची घनता मोजली जात होती ती शेजाऱ्याच्या संबंधात. म्हणजे एकाच्या भिंतीमुळे दुसऱ्याच्या खोलीतील उजेड किती अडतो, या मापाने. १९६४ नंतर ती मोजली जाऊ लागली ती भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेल्या एका गुणोत्तराने. मापाच्या या बदलाबरोबर वादाचे पक्षकार बदलले, वादाची जागा बदलली, आणि शेजारी या नात्याने मनुष्यास जे स्थान होते तेही पालटले.

आरंभ प्लेगापासून करणे क्रमप्राप्त आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगाचा रोगी प्रथम ओळखला. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि मुंबई कॉर्पोरेशनचे सभासद. साथीने शहराची जी वाताहत केली ती सर्वज्ञात आहे. शहर सोडून गेलेल्यांची संख्या एवढी मोठी होती, की १८९१ च्या शिरगणतीत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. रोगाचे मूळ उंदीर आणि पिसवा यांत आहे ही गोष्ट वैद्यकशास्त्रात स्थिर होण्यापूर्वीच राज्यकर्त्यांच्या मनात एक समीकरण पक्के झाले होते : अंधारी खोली म्हणजे रोगट खोली. निदान अपुरे होते. पण त्यातून जो उपाय निघाला त्याचे परिणाम निदानापेक्षा टिकाऊ ठरले. १८९८ च्या कायद्याने 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नव्या जमिनी वसाहतीस योग्य करणे आणि गरिबांसाठी चाळी बांधणे ही कामे त्याजकडे आली. नागपाडा, आग्रीपाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही नावे या कार्याची साक्ष देतात.

ट्रस्टच्या पहिल्या दशकातील अनुभव फारसा सुखद नव्हता. जुनी घरे पाडली की तेथील रहिवासी कामाच्या जागेपासून दूर जात नसत. ते शेजारच्या गल्लीतील तितक्याच अंधाऱ्या खोल्यांत शिरत. म्हणजे एका ठिकाणची गर्दी उपसून दुसऱ्या ठिकाणी ओतावी, असा प्रकार झाला. १९११ पर्यंत लोकसंख्या ९,७९,४४५ वर पोहोचली होती आणि घरे त्या मानाने वाढलेली नव्हती. १९०९ च्या सुमारास ट्रस्टची सूत्रे जे. पी. ऑर या सनदी अधिकाऱ्याकडे आली. पाडकामापेक्षा बाहेरील मोकळ्या जमिनी विकसित कराव्यात आणि जुन्या भागात बांधकामाचे नियम कडक करून सुधारणा घडवून आणावी, असे 'अप्रत्यक्ष' धोरण त्याने पुरस्कारिले.

ऑरचा विशेष आग्रह होता तो साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा. हा कोन ऐकून आज कुतूहल वाटते. परंतु त्यामागील हिशेब साधा आहे. खोलीच्या खिडकीच्या तळापासून क्षितिजसमांतर रेषेशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून बाहेर एक तिरपी रेषा काढावी. समोरील इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर येता कामा नये. या कोनाचे भूमितीतील गुणोत्तर जवळजवळ दोनास एक असे आहे. म्हणजे तळमजल्यावरील खिडकीपासून वर चाळीस फूट उंच गेलेली भिंत त्या खिडकीपासून निदान वीस फूट दूर असली पाहिजे. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घराच्या मागील बाजूस हाच कोन ठरविलेला होता. तेथून तो मुंबईस आला. १९१२ साली ऑरने मुंबईतील घरांमधील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन या नियमाचे सविस्तर समर्थन केले, १९१४ मध्ये मुंबईतील लोकसंख्येच्या घनतेवर व्याख्याने दिली, आणि पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, इमारतींच्या जागा विकसित करताना शेजाऱ्या-शेजाऱ्यांत सहकार्य असण्याची गरज या विषयावर मांडणी केली. या तिसऱ्या विषयाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे. प्रकाशाचा नियम हा स्वभावतःच दोघांमधील नियम आहे. एका मालकाने हद्दीपर्यंत भिंत चढविली तर त्याला स्वतःस उजेड मिळतो तो शेजाऱ्याच्या मोकळ्या जागेतून. शेजाऱ्यानेही तेच केले की दोघेही अंधारात. मुंबईच्या जुन्या भागातील अरुंद आणि खोल भूखंडांवर नेमके हेच घडले होते. दोन चाळींच्या मधील भंगीगल्ली म्हणून ओळखली जाणारी चिंचोळी वाट हीच तेथील शेकडो खोल्यांची 'हवा' होती.

नियमास विरोध झाला तो घरमालकांकडून, आणि त्यांचे व्यासपीठ होते कॉर्पोरेशन. १८८८ च्या कायद्यानुसार कॉर्पोरेशनच्या ७२ सभासदांपैकी ३६ करदात्यांच्या मतांनी, १६ जस्टिसेस ऑफ द पीस यांच्याकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून आणि दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून निवडले जात. उरलेले १६ सरकार नेमीत असे. कर भरणारा तो मतदार, आणि घराचा कर भरणारा तो मालक. अंधाऱ्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूस मत नव्हते. तेव्हा जुन्या भागात जमिनीचे भाव चढे आहेत, भूखंड लहान आहेत, एवढी जागा मोकळी सोडली तर बांधण्यास काही उरणार नाही आणि भाडी मात्र वाढतील, हे मालकांचे म्हणणे कॉर्पोरेशनमध्ये जोराने मांडले जाई. यातील शेवटचा मुद्दा केवळ स्वार्थी म्हणून झटकून टाकणे न्यायाचे होणार नाही. उजेडाची किंमत कोणीतरी द्यावी लागते, आणि ती भाडेकरूच्या खिशातून जाण्याचा संभव खराच होता. परंतु हा युक्तिवाद भाडेकरूच्या वतीने करणारे लोक त्याच भाडेकरूचे भाडे घेणारे होते, हेही विसरता येत नाही. एका निश्चित रकमेवर भाडे भरणाऱ्यांस मताधिकार मिळाला तो १९२२ मध्ये. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार तर स्वातंत्र्यानंतरचा.

या झगड्यात ट्रस्टच्या हाती एक साधन असे होते जे कॉर्पोरेशनकडे नव्हते, ते म्हणजे मालकी. दादर-माटुंग्याच्या विस्तीर्ण वसाहतीत जमीन ट्रस्टची होती आणि भूखंड भाडेपट्ट्याने दिले जात. त्यामुळे पट्ट्याच्या अटींतच भूखंडाचा मोठा भाग मोकळा ठेवावा आणि तळमजला व वर दोन मजले यांपलीकडे इमारत नेऊ नये, असे बंधन घालता आले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी आणि माटुंगा येथील ठेंगण्या, झाडांच्या सावलीतील इमारतींचे श्रेय नगरशोभेच्या कल्पनेइतकेच या पट्ट्याच्या कलमास दिले पाहिजे. जुन्या शहरातील खासगी जमिनीवर तितकी कसोशी चालली नाही. मुंबईत घनतेचे कडक नियमन प्रथम यशस्वी झाले ते जेथे नियामक स्वतः जमीनमालक होता तेथे. पुढील इतिहास समजण्यास ही गोष्ट फार उपयोगी आहे.

१९१५ च्या नगररचना कायद्याने मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून त्यांचे पुन्हा वाटप करण्याची सोय झाली. हाही शेजाऱ्यांच्या सहकार्याचाच एक कायदेशीर अवतार. ट्रस्ट १९३३ मध्ये कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला. १९४८ मध्ये मोडक आणि मेयर यांनी बृहन्मुंबईचा ढोबळ आराखडा तयार केला, आणि १९५४ च्या नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांवर संपूर्ण क्षेत्राचा विकास आराखडा करण्याचे बंधन आले. या कायद्यान्वये सिद्ध झालेला मुंबईचा पहिला आराखडा १९६४ सालचा. त्याच्याबरोबर मुंबईच्या व्यवहारात एक नवा शब्द आला : चटई क्षेत्र निर्देशांक.

हा मराठी प्रतिशब्द मोठा बोलका आहे, आणि थोडा फसवाही. 'चटई' म्हटले की अंथरलेली चटई आणि तिच्यावर बसलेला मनुष्य डोळ्यांसमोर येतो. निर्देशांकात मात्र मनुष्य कोठेच नाही. सर्व मजल्यांच्या क्षेत्रफळाच्या बेरजेस भूखंडाच्या क्षेत्रफळाने भागले असता जी संख्या येते ती निर्देशांक. मुंबई बेटावरील बऱ्याच मोठ्या निवासी भागास १.३३ आणि उपनगरांस सामान्यतः १, अशी मर्यादा पडली. व्यापारी भागांत ती अधिक ठेवली गेली. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर १.३३ निर्देशांकाने १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येते. ते एक तृतीयांश जागेवर चार मजल्यांत बसवावे की एक दशांश जागेवर तेरा-चौदा मजल्यांत, याविषयी निर्देशांक स्वतः मौन पाळतो. तेवढ्याच क्षेत्रफळात मलबार हिलवर चार कुटुंबे राहतील आणि भुलेश्वरात चाळीस. त्याविषयीही तो मौनच पाळतो. ज्यास लोकसंख्येच्या घनतेचे नियंत्रण म्हटले गेले ते वस्तुतः फरशीच्या घनतेचे नियंत्रण होते. बाजूच्या मोकळ्या जागांचे नियम वेगळे होते आणि ते राहिलेही; पण वादाचा केंद्रबिंदू त्या नियमांवरून या संख्येवर सरकला.

संख्येचे काही गुण आहेत, आणि नियोजनकारांनी ती स्वीकारली ती त्या गुणांसाठीच. ती मोजण्यास सोपी, सर्वांस सारखी, आणि पाणी व सांडपाणी यांच्या हिशेबात बसणारी असते. परंतु तिचा एक गुण त्या वेळी पुरेसा ध्यानात आला नसावा. कोन उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तो विशिष्ट खिडकी आणि विशिष्ट भिंत यांच्यामध्येच असतो. संख्या मात्र वाढविता येते, बक्षीस देता येते, विकता येते आणि एका भूखंडावरून दुसऱ्यावर हलविता येते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हे सर्व केले. रस्त्यासाठी किंवा उद्यानासाठी राखलेली जमीन पालिकेस देणाऱ्या मालकास पैशाऐवजी विकास हक्काचे प्रमाणपत्र मिळू लागले, आणि बेटावर निर्माण झालेला असा हक्क उत्तरेकडे उपनगरांत वापरता येऊ लागला. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव निर्देशांक, झोपडपट्टी पुनर्वसनासाठी त्याहून वाढीव, अशी परंपरा सुरू झाली. या योजनांचे हेतू खोटे नव्हते. दुरुस्ती मंडळाच्या यादीतील सुमारे १९ हजार जुन्या इमारती आणि गोठलेली भाडी हा प्रश्न खराच होता, आणि पालिकेजवळ जमिनी घेण्यास पैसा नव्हता हेही खरे. पण परिणाम असा झाला, की दक्षिणेतील एखाद्या उद्यानाची किंमत खार किंवा घाटकोपर येथील एखाद्या गल्लीने मजल्यांच्या रूपाने चुकती करावी. त्या गल्लीतील रहिवाशास या व्यवहारात कोणी विचारले नव्हते.

का विचारले नव्हते, याचे उत्तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या रचनेत आहे. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कोणाही नागरिकास हरकती आणि सूचना देता येतात आणि त्यांवर सुनावणी होते. आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करावयाचा असला तरी सूचना प्रसिद्ध करावी लागते. परंतु प्रत्यक्ष इमारतीच्या परवानगीचा प्रश्न आला की चित्र पालटते. कलम ४५ खाली परवानगी दिली किंवा नाकारली जाते, आणि कलम ४७ खाली त्यावर शासनाकडे अपील करता येते ते अर्जदारास. शेजारी अर्जदार नसतो. त्याला अपील नाही. नकाशा करताना ज्याचे मत मागविले जाते, त्याच्याच कुंपणाशेजारी पाया खणला जातो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो तेथे नसतोच.

ही उणीव भरून काढली ती न्यायालयांनी, आणि तीही महाराष्ट्राबाहेरील एका खटल्यापासून. उडुपी येथे नगररचना योजनेनुसार निवासी असलेल्या भागात चित्रपटगृहास परवानगी दिली गेली होती. तेथील एक रहिवासी के. रामदास शेणॉय यांनी तिला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की योजनेचा भंग करून दिलेल्या परवानगीने तेथील रहिवाशांच्या हक्कांस बाध येतो आणि अशा रहिवाशास दाद मागण्याचा अधिकार आहे. त्यामुळे शेजाऱ्यास दार उघडले ते उच्च न्यायालयाच्या रिट अधिकारक्षेत्राचे, म्हणजे खर्चिक आणि दूरचे. साहजिकच मुंबईत त्याचा उपयोग प्रथम केला तो दक्षिण मुंबईतील सुशिक्षित आणि साधनसंपन्न नागरिकांनी. १८८८ च्या करदात्यांच्या मताधिकाराची येथे आठवण झाल्यास ती अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही.

निर्देशांकाचा भंग झाला तर काय करावयाचे, या प्रश्नाचे सर्वांत ठळक उत्तर 'प्रतिभा' या इमारतीच्या खटल्यात मिळाले. वॉर्डन रोडवरील, म्हणजे आजच्या भुलाभाई देसाई मार्गावरील, ही ३६ मजली इमारत मंजूर निर्देशांकाहून अधिक बांधली गेल्याचे पालिकेने धरले आणि वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गृहनिर्माण संस्थेने एक पर्याय मांडला होता : वरचे मजले काढण्याऐवजी इमारतीचा एक उभा भाग वरपासून खालपर्यंत कापून तितकेच क्षेत्रफळ कमी करावे. १९९१ मध्ये न्यायालयाने तो नाकारला आणि पालिकेचा आदेश उचलून धरला. या पर्यायात मोठे मर्म आहे. संख्येच्या दृष्टीने पाहता उभा छेद आणि आडवा छेद यांत भेद नाही. दोन्हींनी बेरीज सारखीच घटते. रस्त्यावरून जाणाऱ्यास, किंवा मागच्या इमारतीत राहणाऱ्यास, मात्र भेद आहे. आदेशाप्रमाणे वरचे मजले उतरविले गेले; उरलेली इमारत दीर्घकाळ निर्मनुष्य उभी राहिली. ज्यांनी घरे घेतली होती त्यांना घरे मिळाली नाहीत, आणि शेजाऱ्यांना मोकळे आकाशही पुरतेपणी मिळाले नाही.

गिरण्यांच्या जमिनींचा वाद याच मालिकेतील, पण प्रमाणाने फार मोठा. १९९१ च्या नियमावलीतील कलम ५८ प्रमाणे बंद गिरण्यांच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे व्हावयाचे होते : एक मोकळ्या जागेसाठी पालिकेस, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. मध्य मुंबईत अशी सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने तिचा एकत्रित विचार करावा असे सुचविले; तो विचार कागदावरच राहिला. २००१ मध्ये कलम ३७ चा उपयोग करून नियम असा बदलला गेला, की वाटणी व्हावयाची ती संपूर्ण जमिनीची नव्हे, केवळ ज्या भागावर बांधकाम उभे नाही त्या मोकळ्या भागाची. गिरणीची जमीन शेडांनी व्यापलेली असल्याने सार्वजनिक वाटा एकदम आकुंचित झाला. 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' या संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो फिरविला. जमिनीचे भवितव्य ठरविणारी ही दुरुस्ती 'जमिनीवरील मोकळी जागा' आणि 'मोकळी जमीन' अशा एका शब्दप्रयोगाच्या अर्थावर येऊन ठेपली होती. तिच्या प्रसिद्धीच्या वेळी लोकांत फारशी चर्चा झाली नाही, आणि झाली तेव्हा मालकांचे व्यवहार पुढे गेलेले होते.

त्यानंतरची दोन प्रकरणे थोडक्यात नोंदली पाहिजेत. निर्देशांकात न धरल्या जाणाऱ्या बाल्कन्या, फुलझाडांचे कट्टे, पोकळ्या इत्यादींच्या नावाखाली आयुक्तांच्या स्वेच्छाधिकाराने जे अधिक बांधकाम होत असे, ते जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीने निर्देशांकाच्या हिशेबात आणले गेले आणि त्याऐवजी अधिमूल्य घेऊन 'फंजिबल' निर्देशांक देण्याची पद्धत आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विकास आराखड्याच्या मसुद्यात काही भागांस ८ पर्यंत निर्देशांक सुचविला होता. त्यावर, आणि मसुद्यातील ढोबळ चुकांवर, हरकतींचा असा भडिमार झाला की एप्रिलमध्ये शासनाने मसुदा बाजूस ठेवून तो नव्याने करण्यास सांगितले. एवढ्या मोठ्या संख्येने मुंबईकर घनतेच्या प्रश्नावर बोलले असा हा विरळा प्रसंग. आणि तो घडला तो आराखड्याच्या पायरीवर, जेथे कायदा त्यांचे ऐकावयास बांधलेला होता.

नवी नियमावली २०१८ मध्ये अमलात आली. तीत बेटासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ हे मूळ आकडे कायम ठेवले गेले. त्यांवर अधिमूल्य भरून मिळणारा आणि हस्तांतरणाने येणारा निर्देशांक रस्त्याच्या रुंदीप्रमाणे चढविता येतो. इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेत तूट राहिली, तर तीही अधिमूल्य घेऊन माफ करता येते. ही रक्कम अर्जदार देतो आणि ती सार्वजनिक तिजोरीत जमा होते. ज्याच्या खिडकीसमोर ती जागा कमी झाली त्या शेजाऱ्यास तिची सूचना देण्याची तरतूद कलम ४५ मध्ये नाही, आणि अपीलाचे कलम १९६६ मध्ये जसे अर्जदारापुरते होते तसेच राहिले आहे.